कुबडवाला पाणबाण

आमचे हे कुठे नोकरीला आहेत असं कोणी विचारलं, की मी सांगायचं, "सरकारी कचेरीत टेबलं करतात." लग्न झाल्यापासून मी हेच सांगत आले. आता तुम्हीच सांगा, एका कचेरीला टेबलं तरी किती लागणार? भाजीवालीने एकदा तोंडावरच विचारलं, "ताई, तिथले साहेबलोक टेबलं खातात की काय हो?" मी हसून वेळ मारून नेली.

खरं काय ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कचेरीची बस यायची ती खिडक्यांना पडदे लावून. कुठे जाते ते कळू नये म्हणून तिच्यावर पाटीसुद्धा नव्हती. पण पाटी नाही म्हणून माणसं चुकीच्या बसमध्ये चढायची, तेव्हा ड्रायव्हर कोपऱ्यावर उभा राहून ओरडायचा, "चला, पाणबाणवाले, चला!" असं होतं ते गुपित.

पाणबाण म्हणजे पाणबुडीतून उडणारं क्षेपणास्त्र. पाणबुडी समुद्राच्या पोटात दडून बसते. तिच्या पाठीत विहिरीसारख्या उभ्या नळ्या असतात. त्यातल्या एका नळीत आधी पाणी भरतात, मग झाकण उघडतं, आणि हे एवढं धूड खालून ढकललं जाऊन पाण्याबाहेर उसळतं. बाहेर आलं की त्याचं इंजिन पेटतं आणि ते दुसऱ्याच्या देशाकडे निघून जातं. निदान जावं अशी अपेक्षा असते.

आमचे हे तिथे सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, आणि घरात भांडण झालं की मीही मिस्त्रीच म्हणायची. क्षेपणास्त्रात लाकडाचं काय काम, असं मलाही आधी वाटायचं. पण खरा पाणबाण कोणाला दाखवायचा नसतो ना! मग संचलनात गाडीवर आडवा पडून जातो तो लाकडाचा. मंत्र्यांच्या टेबलावर उभा असतो तो लाकडाचा. पाहुण्यांना भेट देतात तोही लाकडाचा, त्याला खाली पेन ठेवायला भोक. "खऱ्यापेक्षा माझे पाणबाण जास्त लोकांनी पाहिलेत," असं हे छाती फुगवून म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

ह्या पाणबाणांचं मोठं खानदान होतं. पाणबाण एक हा थोरला. त्याच्यामागून आला पाणबाण एक-सुधारित. सुधारणा काय, तर पांढऱ्याऐवजी करडा रंग. ब्रश ह्यांनीच मारलेला. मग पाणबाण दोन, तो अंगाने भरलेला. त्यानंतर दोन-लांब. त्याचा पल्ला लांबला होता, अंग नव्हे. पण मंत्री म्हणाले, लांब आहे तर लांब दिसत का नाही? म्हणून ह्यांनी शेपटीकडे वीतभर लाकूड वाढवून दिलं. मग पाणबाण तीन, त्याचा तीन-अ, त्याचा तीन-ब. आपल्या घरात मूल झालं की खर्च वाढतो. ह्यांच्या कचेरीत नवा प्रकार जन्मला की कोणाला तरी बढती मिळायची, गाडी मिळायची आणि त्या गाडीच्या खिडक्यांना पडदे मिळायचे.

आता ह्यांच्या स्वभावाबद्दल सांगते. माणूस वाईट नाही, पण भलता गर्विष्ठ. आणि गर्व कसला, तर जोडाचा. दोन लाकडं एकमेकांना जोडली की ती जन्मात वेगळी होणार नाहीत, ही त्यांची शेखी. "लाकूड फाटेल, पण माझा जोड सुटायचा नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

ह्या शेखीच्या मुळाशी एक स्टूल आहे. मी नवी नवरी असताना ह्यांनी मला न्हाणीघरात बसायला एक स्टूल करून दिलं. चारही पाय सरसाने चिकटवले होते. सरस म्हणजे सुतारांचा जुना डिंक, जनावरांच्या हाडाकातड्याचा. गरम करून लावायचा. कोरड्यात दगडासारखा घट्ट, पण पाणी मुरलं की गेला कामातून. नवरदेवाला एवढं सुचलं नाही. ते स्टूल दोन-चार दिवस पाण्यात राहिलं, आणि मी एकदा डोक्यावर साबण घेऊन बसले तर चारी पाय चार दिशांना आणि मी फरशीवर! कंबर अशी लचकली की विचारू नका. सासूबाई मला उठवायला आल्या आणि हसता हसता दारातच बसल्या. हे एवढे खजील झाले की सरसाचं भांडं नेऊन फेकून आले. पुढे घरात कोणी सरसाचं नाव काढलं तरी भरल्या ताटावरून उठायचे.

त्या दिवसापासून खुंट्या, पाचरी, स्क्रू आणि वरून तो नवा घट्ट डिंक, सगळं एकाच जोडात. आमचा पलंग ह्यांनी खोलीतच बसून केला. असा दणकट की त्यावर हत्ती झोपवा. पण दाराची रुंदी कोण मोजणार? घर बदललं तेव्हा पलंग बाहेर निघेना, सुटेना, मोडेना. शेवटी तिथेच सोडून आलो. नवीन भाडेकरू अजून त्यावर झोपतात आणि भेटले की आभार मानतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

पलंगाचं झालं तेच पाणबाणाचं झालं. संचलनासाठी तीनचा पूर्ण मापाचा लाकडी पाणबाण ह्यांनी शेडमध्ये तयार केला, गाडीवर चढवला आणि गाडी दारापाशी आणली तर नाक दाराच्या वरच्या चौकटीला अडलं. संचलन दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या कुठल्याही सुताराने नाकाचा जोड सोडवला असता. पण हा ह्यांचा जोड! तो कुठला सुटतोय? शेवटी डोळ्यांत पाणी आणून ह्यांनी करवत घेतली आणि नाक कापलं. बाहेर नेऊन परत बसवलं. कापताना वरच्या बाजूचं लाकूड फाटून चिरफाळलं होतं, ते झाकायला त्यावर एक ठोकळा ठोकला, भेगा बुजवायची लांबी भरली, काळा रंग मारला. आता पाणबाणाच्या नाकामागे एक कुबड दिसायला लागलं.

मोठे साहेब पाहायला आले. हे साहेब आधी कालव्यांच्या खात्यात होते. पाण्याचा अनुभव आहे म्हणून त्यांना पाणबाणावर आणलं होतं. त्यांनी कुबडाकडे बोट केलं. "मिस्त्री, हे काय?"

हे म्हणाले, "साहेब, ते तसंच असतं."

"हो हो, असणारच," साहेब म्हणाले आणि पुढे गेले.

संचलन झालं. टीव्हीवर माझा भाऊ आमच्याकडेच बसून बघत होता. भाऊ म्हणजे युद्धशास्त्रातला मोठा जाणकार. सगळं आयुष्य विम्याच्या कचेरीत काढलं. तो ओरडला, "ताई, बघ बघ, नवा प्रकार!" ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

भावाचं सोडा हो. पण परदेशातले तज्ज्ञही तेच म्हणाले. त्यांच्या मासिकात कुबडाभोवती लाल गोल काढलेला फोटो आला. म्हणे, शत्रूला चकवायचं अत्यंत प्रगत यंत्र ह्या फुगवट्यात आहे, आणि हा पाणबाण तीनचा आजवर लपवून ठेवलेला प्रकार आहे. शेजारच्या देशात खळबळ उडाली. आपल्या मंत्र्यांना पत्रकारांनी घेरलं. मंत्र्यांना काहीच माहीत नव्हतं, पण असं कबूल करायला ते काय खुळे होते? "योग्य वेळी योग्य ती माहिती देऊ," असं म्हणून ते नुसते हसले. त्या हसण्यावर पाणबाण तीन-क जन्माला आला.

मग काय विचारता! कुबडासाठी वेगळा विभाग झाला. त्याचं नाव अग्र-उन्नती विभाग. त्याला संचालक, संचालकाला उपसंचालक, उपसंचालकाला गाडी. कुबडात नक्की काय आहे असं कोणी कोणाला विचारलं नाही, कारण ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत असणारच असं प्रत्येकाला वाटलं. शेजाऱ्यांनी पुढच्या संचलनात दोन कुबडांचं क्षेपणास्त्र आणलं. आमच्या ह्यांना कचेरीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, 'तीन-कच्या जडणघडणीतील योगदानाबद्दल'. ते ह्यांनी भिंतीला असं पक्कं बसवलं की सेल बदलायला काढता येईना. सेल संपला तेव्हापासून आमच्याकडे एकच वेळ होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मधल्या काळात आमचा लेक नौदलात गेला. स्वयंपाकी म्हणून. लहानपणापासून ओट्याशी लुडबुड करायचा, तेच कामाला आलं. त्याला पाणबुडीवर घेतलं. तिथे कशावर आहेस, कुठे आहेस, हे सांगायचं नाही. म्हणून तो आम्हाला सांगायचा, "आई, मी किनाऱ्यावरच्या कँटीनमध्ये आहे." बाप टेबलं करतो, लेक कँटीनमध्ये, आणि दोघं एकमेकांसमोर बसून मुकाट जेवायचे. पण पोरगं ते पोरगं. फोनवर एकदा बोलून गेलं, "आमच्या म्हातारीचा खोकला काही थांबत नाही." मी म्हटलं, कुठली म्हातारी? तर सारवासारव करायला लागला. मी काय समजायचं ते समजले. म्हातारी म्हणजे त्याची बोट. ह्यांच्याही कानावर घातलं.

पुढचं मला जेवढं कळलं ते ह्यांच्या तोंडून, आणि तेही खूप उशिरा. एके दिवशी मोठ्या साहेबांनी ह्यांना आत बोलावून दार लावून घेतलं. मंत्र्यांना तीन-कची चाचणी हवी होती, निवडणुकीच्या आत. आणि विभागाने वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून तपासतात तिथे, छोटा नमुना ठेवून बघितला होता. कुबडामुळे त्याचं नाक वळायचं, वळत वळत पूर्ण उलटं व्हायचं. खरा पाणबाण तसा उडाला तर निघाला तिथेच परत येणार. म्हणजे बोटीवर. ह्या अहवालावर साहेबांनी शेरा मारला होता, 'उत्साहवर्धक'.

"साहेब," हे म्हणाले, "ते कुबड म्हणजे नुसता ठोकळा आहे. लाकूड फाटलं होतं म्हणून मारला."

"मिस्त्री, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग सांगून टाकू या."

"कोणाला?" साहेब म्हणाले. "शेजाऱ्यांनी दोन कुबडं केलीत. विभागात एवढी माणसं पोट भरतायत. मंत्र्यांनी हसून दाखवलंय. आता ते लाकूड होतं म्हणायचं? त्यापेक्षा ऐका. आपला जुना तीनच घेऊ, तो नीट उडतो. त्याच्यावर तुम्ही लाकडी कुबड बसवा. धक्क्यावर बोटीत भरताना पाहुण्यांना दिसलं पाहिजे, फोटोत आलं पाहिजे. आणि पाण्यातून वर येताना ते सुटून पडलं पाहिजे. म्हणजे पाणबाण सरळ जाईल."

ह्यांचा गर्व उसळून आला. "सुटणारा जोड मी करत नाही, साहेब. दुसरा माणूस बघा."

"बघू," साहेब म्हणाले. "सुतारकाम करणारी पोरं पुष्कळ आहेत. चाचणी म्हातारीवरून आहे, तारीख ठरलीय."

हे घरी आले ते चपला न काढताच आत आले. मी ओरडले, तरी ऐकू गेलं नाही.

मग सुरू झाला तमाशा. घरात लाकडाचे तुकडे, टबात पाणी, आणि हे टबाशेजारी उकिडवे. जोड करायचे, पाण्यात टाकायचे, बघत बसायचे. पण आयुष्यभर ज्या हातांनी घट्ट करायचंच शिकलं, त्यांना सैल कसं जमणार? एकतर जोड सुटायचाच नाही. नाहीतर एवढा सैल व्हायचा की हात लागायच्या आधीच गळून पडायचा. असाच एक नमुना म्हणून केलेलं बाकडं ह्यांनी बैठकीत ठेवलं. माझा भाऊ त्यावर बसून शेजारच्या देशाला धडा कसा शिकवायचा ते सांगत होता, तो धडा अर्धवट राहिला आणि भाऊ सपशेल आडवा झाला. मला हसूही आलं आणि संतापही आला.

भाऊ लंगडत गेल्यावर मी ह्यांच्यापुढे उभी राहिले. "काय चाललंय हे? घर मोडायला काढलंय का? आयुष्यभर न सुटणाऱ्या वस्तू करून माझ्या नाकी नऊ आणलेत, आता सुटणाऱ्या करून जीव घेता?"

हे रंधा मारत राहिले. मग हळूच म्हणाले, "एक जोड हवाय. हवेत घट्ट राहायला हवा. पाण्यात सुटायला हवा."

"कशाला?"

"टेबलाला."

"टेबल पाण्यातून उडणार आहे?"

रंधा थांबला. मी विचारलं, "कोणत्या बोटीवरून?"

हे रंध्यात अडकलेली ढलपी काढायला लागले.

"म्हातारी?"

ह्यांनी रंधा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. संसारात मी ह्या माणसाला कधी रडताना बघितलं नव्हतं. पाणबाणाचं नाक कापताना रडले म्हणे, पण ते मी पाहिलं नव्हतं. मीही तिथेच भुशात बसले. पाहिजे तेवढ्या शिव्या दिल्या. साहेबाला दिल्या, मंत्र्याला दिल्या, त्या मासिकवाल्या तज्ज्ञाच्या लाल पेन्सिलीला दिल्या, आणि सगळ्यात जास्त ह्यांना. एका दाराची उंची मोजली असती तर काय हात झडले असते?

शिव्या संपल्या तेव्हा मला ते स्टूल आठवलं.

"सरस," मी म्हटलं.

हे सवयीने उठले. ताट नव्हतं तरी उठले. दारापर्यंत गेले, तिथे थांबले, आणि परत येऊन बसले. मग म्हणाले, "तुझी कंबर अजून दुखते का गं?"

"दुखते," मी म्हटलं. "पण आज त्याचं काही वाटत नाही."

सरस आता मिळतो कुठे? हार्डवेअरच्या दुकानात नाव काढलं तर पोरं तोंडाकडे बघायला लागली. शेवटी जुनी तंतुवाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे सापडला. तो म्हणाला, "कुठलं वाद्य आहे?" हे म्हणाले, "मोठं आहे. एकदाच वाजतं." घरभर तो हाडं शिजवल्याचा वास सुटला. शेजारीण नाकाला पदर लावून विचारायला आली, तिला म्हटलं, टेबलाचं सूप करतोय.

पण किती लावायचा? नळीत पाणी भरलं की सरस मऊ पडायला हवा, पण कुबड नळीतच सुटून अडकायला नको. पाणबाण वर उसळताना पाण्याच्या रेट्याने निघून जायला हवं. हे कसं बघणार? ह्यांनी पुन्हा एक स्टूल केलं, अगदी त्या पहिल्यासारखं, आणि टबात ठेवलं. "तू बस," म्हणाले. ह्या वयात मी टबात, ओल्या स्टुलावर, लुगडं खोचून बसले. हे समोर श्वास धरून. सरस कधी पातळ, कधी जाड. किती वेळा बसले, किती वेळा उठले, त्याला गणती नाही. एकदा मात्र असं झालं की स्टूल आधी दगडासारखं उभं राहिलं, मी निवांत झाले, आणि उठायला म्हणून जराशी हलले तर चारी पाय एकदम सुटून मी पाण्यात धप्पकन! कळ थेट डोक्यात गेली. आणि हे, माझा नवरा, लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. मीही पाण्यात बसून हसत सुटले. रडतही होते, पण भिजले होते म्हणून कळलं नाही.

चाचणीच्या दिवशी भाऊ आला, ह्या वेळी जमिनीवर बसला. टीव्हीवर आधी धक्क्यावरचे फोटो दाखवले. कुबड काळंभोर चमकत होतं, मंत्री त्याच्यावर हात ठेवून उभे होते. हे पुटपुटले, "हात लावू नका, अहो, हात लावू नका." मग समुद्र दाखवला. नुसता निळा, रिकामा. माझा लेक त्याच्या खाली कुठेतरी होता. पाणी फुगलं, फुटलं, पांढरा फेस उडाला आणि त्यातून पाणबाण वर आला. जाळ झाला. धुराशिवाय मला काही दिसेना. तो सरळ जातोय की वळतोय तेही कळेना. मी ह्यांचा हात एवढा आवळला की नखं रुतली.

"गेला!" भाऊ ओरडला. "सरळ गेला, ताई!"

मंत्री म्हणाले, पाणबाण सुखरूप आहे, इंजिन सुखरूप आहे, देशाची मान उंच झाली आहे. बोटीबद्दल एक शब्द नाही. बोट कुठे आहे ते गुपित, ती आहे की नाही तेही गुपित! त्या धुडाची खुशाली सगळ्या जगाला सांगितली, माझ्या पोराची कोण सांगणार? हे कचेरीत विचारायला गेले तर त्यांना म्हणाले, "कुठली बोट?" त्यानंतर आमचं जेवण तुटलं. हे दाराकडे तोंड करून बसायचे. कुबड सुटलं हे खरं, पण सुटून कुठे पडलं? बोटीच्या पाठीवर? झाकणात? असल्या विचारांनी आम्ही दोघंही वाळलो.

एका सकाळी दार वाजलं. लेक उभा. दाढी वाढलेली, रंग उडालेला, पण सगळाच्या सगळा. मी त्याला धरलं ते सोडेचना. तो म्हणाला, "अगं आई, कँटीनमधून तर आलोय."

पोटभर खाऊ घातलं. ह्यांनी तो हात धुवेपर्यंत वाट बघितली, मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, तुमच्या त्या कँटीनमध्ये मध्यंतरी काही आवाजबिवाज आला का? वरून?"

लेक दचकला. मग म्हणाला, "आला होता. मी बटाटे सोलत होतो. आधी मोठा धक्का बसला, आणि मग वर ठक्कन काहीतरी आपटलं. लाकडासारखं."

"एकदाच?"

"एकदाच. मग घरंगळत गेलं."

"घरंगळत गेलं," हे म्हणाले, आणि उठून न्हाणीघरात गेले. नळ मोठा सोडला. आतला हुंदका तरीही ऐकू येत होता. लेकाने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही. त्यांचं एक टेबल चांगलं झालं."

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण लेक आतल्या खोलीत झोपला असतानाच गल्लीत पडदेवाली गाडी आली आणि मोठे साहेब आमच्या दारात! चेहरा असा खुललेला की घरात लग्न आहे. हातात ते परदेशी मासिक. तज्ज्ञांनी धक्क्यावरचा फोटो आणि आकाशातला फोटो शेजारी शेजारी छापले होते. एकात कुबड, एकात नाही. म्हणे, कुबड उड्डाणात आपोआप नाहीसं होतं, हे तंत्र जगात कोणाकडेही नाही, हा नक्कीच आणखी एक नवा प्रकार आहे.

"पाणबाण तीन-ड!" साहेब म्हणाले. "मंजुरी आली, वहिनी. मिस्त्री, आता ह्या वेळी दोन कुबडं. दोन्ही नाहीशी. महिन्याभरात चाचणी. म्हातारीवरूनच, तिला सवय झालीय."

आतून लेकाचं घोरणं ऐकू येत होतं.

मी तडक न्हाणीघरात गेले. ते टबातलं स्टूल ह्यांनी पुन्हा जोडून तिथेच ठेवलं होतं, आणि मघा सोडलेल्या नळाने ते ओलंचिंब झालं होतं. उचलून आणलं आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. त्याचे पाय जमिनीवर पाणी सोडत होते.

"बसा ना, साहेब," मी म्हटलं. "उभ्याने काय बोलता? ह्यांच्याच हातचं आहे. त्याच सरसाचं, त्याच जोडाचं."

साहेबांनी स्टुलाकडे बघितलं. "हे... पक्कं आहे ना?"

"कधी उभं राहतं, कधी सुटतं. आमचा लेक ह्याच जोडाच्या खाली बसला होता, साहेब. बटाटे सोलत. आता पुन्हा बसणार आहे. तुम्ही चहा होईपर्यंत तरी बसा."

ते हसायला गेले. मी हसले नाही. हेही हसले नाहीत. साहेबांनी एक हात स्टुलावर टेकवून पाहिला आणि विस्तवावर पडल्यासारखा मागे घेतला. मी चहा टाकला, उकळला, गाळला, आणून दिला. त्यांनी तो उभ्यानेच प्यायला. दोन कुबडांचं नाव पुन्हा काढलं नाही. मासिक बगलेत मारलं, लेकाच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि निघून गेले.

आठवड्याभरात टीव्हीवर सांगितलं, पाणबाण तीन-ड इतका भरवशाचा निघाला आहे की त्याच्या चाचणीची गरजच नाही. भावाने टाळ्या वाजवल्या. हे उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पक्का जोड सोडवायला म्हणून पटाशी घेऊन ते भिंतीवरचं घड्याळ खरवडून काढायला लागले.